पोलादाचें पाणी

राबासाठीं टहाळ तोडावयाचे दिवस आले, कीं आमच्या जिते गांवीं कोयत्यांना पाणी पाजावयाची घाई उडते. गेल्या वर्षीं आम्ही लोहारास हट्टानें सांगितलें, "पाणी असें कडक द्या, कीं वर्षभर धार जाऊं नये." तो म्हणाला, "गुरुजी, मोडेल हो." आम्ही ऐकलें नाहीं. आठवड्याच्या आंतच ऐनाच्या गांठीवर घाव बसला आणि पात्याचा टवका उडून गड्याच्या कानाजवळून गेला. दोष सर्वस्वीं आमचा!

सुमारें ८०० अंश सेंटिग्रेडपर्यंत लाल तापवून पाण्यांत बुडविलेलें पोलाद कठिण होतें, पण तितकेंच ठिसूळही होतें. म्हणून तें पुनः बेतानें तापवावें लागतें. त्या वेळीं घासलेल्या पात्यावर पिवळा, जांभळा, निळा असे रंग क्रमानें चढतात. घाव सोसणाऱ्या कोयत्यास पिवळ्यावरच थांबविणें घातक. आमच्या हट्टानें नेमकें तेंच घडलें.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत शस्त्रांची 'पायना' त्रिविध सांगितली आहे: क्षारांत, पाण्यांत व तेलांत. तेलांत पोलाद सावकाश निवतें, म्हणून तडकण्याचें भय कमी. आपलें 'पाजणें' त्याच 'पा' धातूचें!

पण वरून कठिण व आंतून चिवट असें पोलाद हवें असल्यास? मोटारीचीं दांतेरी चाकें कमी कर्बाच्या पोलादाचीं घडवून, कर्बयुक्त द्रव्यांत सुमारें ९०० अंशांवर कित्येक तास ठेवितात. कर्ब साधारण एक मिलिमीटर आंत मुरतो. मग तीं बुडविलीं, कीं कवच कठिण होतें, गाभा चिवट राहतो.

दुसरा मार्ग आघाताचा. आमच्या गांवावरून पनवेल-रोहें लोहमार्ग जातो. रूळ जेथें रुळास छेदतो, तेथें चाकांचे तडाखे फार. अशा जागीं आपली रेल्वे ओतीव मँगनीज-पोलाद वापरते. शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्ड यांनीं तें १८८२ सालीं शोधलें; त्यांत शेंकडा बारा-तेरा भाग मँगनीज असतें. त्याची रीत उलटी: तापवून पाण्यांत बुडविलें असतां तें चिवट होतें, आणि तडाखे खात खात त्याचा पृष्ठभाग कठिण होत जातो.

वाचकांस एवढीच विनंती: विळी-कोयत्यास धार लावतांना सहाणेच्या चाकावर पातें निळें पडूं देऊं नये, त्यानें पाणी उतरतें. आणि लोहार "मोडेल" म्हणाला, तर ऐकावें.