विश्लेषण : गोडाची आवड रक्तातून येते की ताटातून?

बाळाच्या उष्टावणाचा दिवस ठरला, की अनेक घरांत एक वाद ठरलेला असतो. आजीच्या हातात खिरीची वाटी असते आणि आई-बाबांना आठवत असतो डॉक्टरांचा सल्ला, ‘दोन वर्षांपर्यंत साखर नको.’ त्यावर आजीचे उत्तर तयारच असते, ‘आपल्या घराण्यातच सगळे गोडखाऊ. आता तोडून काय होणार?’ या म्हणण्यात तथ्य किती?

बाळाला गोड कोण शिकवते?

कोणीच नाही. इस्रायलमधील संशोधक जेकब स्टायनर यांनी १९७०च्या दशकात नवजात बाळांच्या जिभेवर वेगवेगळ्या चवींचे थेंब ठेवून पाहिले. कडू लागताच बाळांनी तोंड वाकडे केले, तर गोड लागताच त्यांचा चेहरा सैलावला आणि ती चोखू लागली. आईच्या दुधातही सुमारे सात टक्के लॅक्टोज, म्हणजे दुधातील साखर असते. थोडक्यात, ही आपली फॅक्टरी सेटिंग आहे.

गोड ओळखणारा जिभेवरचा ग्राही दोन जनुकांच्या जोडीतून बनतो. मांजरांमध्ये त्यातले एक जनुक निकामी असल्याचे २००५ मध्ये फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतील शास्त्रज्ञांनी दाखवले. त्यामुळे घरातील मांजर पेढा पळवते ती त्यातल्या दुधासाठी. साखर तिला कळतच नाही.

मग एकाच घरात एक गोडखाऊ, दुसरा तिखटखाऊ कसा?

इथे जुळ्यांचे अभ्यास कामी येतात. जुळ्यांवरील २००७च्या अभ्यासात गोडाच्या आवडीतील फरकापैकी साधारण निम्मा वाटा जनुकांचा निघाला. हा आकडा अनेकदा चुकीचा वाचला जातो. ‘माझी निम्मी आवड आई-वडिलांकडून आली’ असा त्याचा अर्थ नाही. माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला निम्मा भाग जनुकीय फरकांशी जोडता येतो, इतकेच.

डेन्मार्कमध्ये सुमारे साडेसहा हजार लोकांच्या पाहणीत (२०१७) यकृतातून स्रवणाऱ्या ‘एफजीएफ२१’ या संप्रेरकाच्या जनुकाचे काही प्रकार असलेले लोक जास्त गोड खाणाऱ्यांच्या गटात असण्याची शक्यता सुमारे २० टक्क्यांनी अधिक आढळली. म्हणजे कल नक्कीच आहे, पण तो काही कपाळावर लिहिलेला लेख नव्हे.

शिकलेला भाग कोणता?

१९८०च्या दशकात अमेरिकेतील बोशाँ आणि मोरन या संशोधकांना आढळले, की तान्हेपणी साखरपाणी मिळालेली मुले दोन वर्षांची झाल्यावरही इतरांपेक्षा गोड पाणी जास्त पितात. मात्र तीच साखर फळाच्या चवीच्या पेयात घातल्यावर हा फरक दिसला नाही. मुले गोड आवडायला शिकली नव्हती, ती तर आधीपासूनच आवडत होती. पाणी गोड असते, हे ती शिकली होती. आमटीत गूळ घालणाऱ्या घरातील मुलाला बिनगुळाची आमटी अपुरी वाटते, ती बहुधा याच कारणाने.

मोठेपणी ही आवड सहज हलत नाही. नेदरलँड्समधील वाखेनिंगेन विद्यापीठाच्या पुढाकाराने १८० जणांना सहा महिने कमी, मध्यम किंवा जास्त गोड आहार देण्यात आला. अखेरीस तिन्ही गटांच्या आवडीत फरक पडला नाही.

मग वाटीत साखर घातली तर बिघडले कुठे?

आवड बदलत नसली, तरी पोटात जाणाऱ्या साखरेचा हिशेब वेगळा आहे. ब्रिटनमध्ये साखरेचे रेशनिंग सप्टेंबर १९५३ मध्ये उठले आणि खप जवळपास दुप्पट झाला. त्या आधी-नंतर जन्मलेल्या सुमारे ६० हजार लोकांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०२४ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. गर्भावस्थेत आणि पहिल्या दोन वर्षांत कमी साखर मिळालेल्यांमध्ये टाइप-२ मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्के, तर उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्के कमी होता.

अर्थात उष्टावणाची खीर रद्द करायची गरज नाही. पिकलेले केळे किंवा उकडलेले रताळे कुस्करून घातले, की बाळाला पुरेशी गोडी लागते. साखरेऐवजी मध मात्र घालू नये, बोटभर चाटवूही नये. वर्षाच्या आतील बाळाला त्यातून बोट्युलिझम हा दुर्मीळ पण गंभीर आजार होऊ शकतो.