फवारणीचा केसपेपर

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. पाठीवर पंप घेतलेल्या माणसाच्या तोंडावरच फवारा यायचा. जुलै ते ऑक्टोबरमध्ये शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण दगावले. रुग्ण येतात ते असे सुटेसुटे, वेगवेगळ्या गावांतून. एक डॉक्टर केसपेपरवर ‘फवारणीतून विषबाधा’ लिहील, दुसरा इंग्रजीत नुसतं ‘पॉयझनिंग’. दोन्ही एकच, हे संगणकाला कसं कळावं?

त्याला शब्द कळत नाहीत, कोड जुळवता येतो. १८९३ साली जाक बर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. आज जागतिक आरोग्य संघटना सांभाळते ते आजारांचं वर्गीकरण तिच्यातूनच वाढलं. त्याच्या दहाव्या आवृत्तीत ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाची बाधा म्हणजे टी६०.०. हा कोड यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत लिहा की ब्राझीलमध्ये, अर्थ तोच.

पण खरं नवल शेजारच्या कोडमध्ये आहे. विष अंगात गेलं कसं? अपघाताने, तर एक्स४८. स्वतः घेतलं, तर एक्स६८. डोळ्यांच्या बाहुल्या तशाच टाचणीच्या टोकाएवढ्या, लाळ तशीच, उतारा म्हणून दिलं जाणारं ॲट्रोपिनही तेच. रक्ताची कुठलीही तपासणी हा फरक सांगू शकत नाही. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या या जिल्ह्यात एका आकड्यावर केवढं काय अवलंबून आहे! आणि तो आकडा ठरतो कॅज्युअल्टीत कुणीतरी विचारलेल्या प्रश्नावर, ‘फवारणी चालू होती का?’ उत्तर मिळालंच नाही, तर वाय१८, हेतू अनिश्चित. ठाऊक नाही हे प्रामाणिकपणे नोंदवायलाही यादीत जागा ठेवली आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मग ही नोंद प्रवासाला निघते. या विषाने घटणाऱ्या, रक्तातल्या कोलिनएस्टरेजचा नुसता आकडा दुसऱ्या रुग्णालयात निरर्थक असतो. कोणती पद्धत, कोणतं एकक, किती वाजता घेतलेलं रक्त, हे सोबत जावं लागतं. ‘फायर’ नावाचं मानक अहवालाचे असे ठरावीक तुकडे पाडतं, म्हणजे समोरची यंत्रणा ते न चुकता वाचते. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये रुग्णाला १४ आकडी ‘आभा’ क्रमांक मिळतो. कागद एका मोठ्या कोठारात गोळा होत नाहीत. जिथे तयार झाले तिथेच राहतात आणि रुग्णाच्या संमतीने, ठरलेल्या कामापुरते, कुलूपबंद होऊन पुढच्या डॉक्टरकडे जातात.

जिल्ह्यातल्या सगळ्या केसपेपरांवरचे एक्स४८ तारखांनुसार मोजले, की एकेका डॉक्टरला न दिसलेली लाट जिल्ह्याला दिसू शकते. मात्र टी६०.० मध्ये फवारलेल्या औषधाचं नाव नसतं, आणि शेतात तर दोन-तीन औषधं एकत्र कालवली जातात. ती सगळीच ऑरगॅनोफॉस्फेट असतील असं नाही, आणि उपचार त्यावर बदलतो. ते नाव फक्त डब्यावर असतं, म्हणून रुग्णाबरोबर सगळे डबे दवाखान्यात न्यायला हवेत, रिकामेसुद्धा.