‘मान्य आहे’ दाबण्याआधी

अकोल्याच्या जठारपेठेत मानसोपचारतज्ज्ञांच्या दवाखान्यातून निघताना ओळखीचं कुणी भेटेल, ही धास्ती अनेकांना असते. म्हणून मोबाइलवरचं समुपदेशन बरं वाटतं. पण तिथे आपलं बोलणं कुणाकुणापर्यंत जातं, ते आधी समजून घेऊ.

नुसतं बोलायचं असेल, तर ॲपची गरजच नाही. टेली-मानस ही सरकारी सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून आहे. 14416 वर फोन लावा, मराठीत बोला. पैसे लागत नाहीत.

खासगी ॲप घेतलं, की पहिल्याच पडद्यावर संमती मागतात. संमती म्हणजे आपली माहिती अमुक कामासाठी वापरायला आपण समजून-उमजून दिलेली परवानगी. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला. कोणती माहिती घेणार आणि कशासाठी, हे सोप्या भाषेत सांगावं, ती सूचना मराठीतही वाचता यावी, असं तो म्हणतो. मात्र नियम 2025 च्या नोव्हेंबरात आले आणि तयारीसाठी कंपन्यांना 18 महिने मिळाले. तोवर डोळे आपणच उघडे ठेवायचे.

सर्वाधिक फसगत होते ती प्रश्नावलीत. ‘झोप लागते का? जीव द्यावासा वाटतो का?’ डॉक्टर दिसण्याआधीच आपण सगळं लिहून बसतो. अमेरिकेतल्या बेटरहेल्प कंपनीने अशीच माहिती गुप्त ठेवू असं सांगून ती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅटला दिली, असा ठपका तिथल्या व्यापार आयोगाने 2023 मध्ये ठेवला. कंपनीला 78 लाख डॉलर मोजावे लागले. म्हणून ‘जाहिरात’, ‘भागीदार’ हे शब्द आधी शोधा. फोनमधले नंबर आणि आपलं ठिकाण मागितलं, तर नकार द्या. समुपदेशनाला ते कशाला हवं?

डॉक्टर समोर आले, की विचारा: रेकॉर्डिंग होतंय का? यात संकोच नको. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 गुप्ततेचा हक्क देतो. जिवाला धोका किंवा न्यायालयाचा आदेश, अशा मोजक्याच प्रसंगी डॉक्टर माहिती उघड करू शकतात.

आता घरातली गोष्ट, जी मला सर्वांत जास्त खटकते. सुनेच्या उपचाराचा ओटीपी सासऱ्यांच्या मोबाइलवर येतो आणि सगळ्या घराला कळतं. नोंदणी स्वतःच्याच नंबरवर करा, पडद्यावर झळकणारे संदेश बंद ठेवा.

ॲप काढून टाकलं, म्हणजे माहिती पुसली गेली असं नाही. आधी खात्यात जाऊन संमती मागे घ्या, माहिती पुसण्याची विनंती ई-मेलने करा, तिची प्रत जपा. मगच ॲप काढा.