शुगर दुखत नाही, तिथेच घात होतो : वाशीमच्या शेतशिवारात मधुमेह सांभाळायचा कसा?

ऑक्टोबर महिना. वाशीम जिल्ह्यात सोयाबीनची सोंगणी जोरात सुरू असते. दिवसभर शेतात राबून साठीतला एक माणूस संध्याकाळी घरी येतो, ओट्यावर बसतो. नातू विचारतो, "आबा, पायाले रक्त कायचं लागलं?"

आबा पाय वर करून बघतात. "कुठी काय? मले तं काईच नाई लागलं."

तळव्यात सोयाबीनचं धसकट घुसलेलं असतं. चांगलं बोटभर खोल. आणि आबांना ते दुपारपासून कळलेलंच नसतं.

हे आबा काल्पनिक आहेत, पण वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या सहाही तालुक्यांत असे आबा सापडतील. घरचे म्हणतात, "आबांना थोडीशी शुगर आहे." मधुमेहाची सगळी भानगड त्या 'थोडीशी'मध्ये आहे. डोकं दुखलं की माणूस गोळी घेतो, दाढ दुखली की रात्री अकरा वाजता डॉक्टर शोधतो. शुगर मात्र दुखत नाही. उलट, जिथे दुखायला हवं तिथलंही दुखणं ती बंद करून टाकते.

रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात. शरीरातल्या सगळ्यात लांब नसा पायापर्यंत जातात, म्हणून सुरुवात बहुतेक वेळा पायाच्या बोटांपासून होते. आधी मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते. मग हळूहळू ती आग थांबते. माणसाला वाटतं, बरं झालं. खरं तर तिथली संवेदनाच गेलेली असते.

अशा पायाला धसकट लागलं, चपलेतला खडा टोचत राहिला, मोटारसायकलच्या तापलेल्या सायलेन्सरला पोटरी चिकटली, तरी पत्ता लागत नाही. झोपेत उंदराने बोट कुरतडल्याच्या केसेसही भारतातल्या डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. त्यात पायाचा रक्तपुरवठा कमी झालेला असेल आणि साखर वाढलेली असेल, तर जखम भरत नाही, चिघळते. पाय किंवा बोट कापायची वेळ येते ती बऱ्याचदा अशा क्षुल्लक जखमेतून. तंबाखू, बिडी आणि विदर्भाचा लाडका खर्रा या रक्तवाहिन्यांची आणखी वाट लावतात, ते वेगळंच.

आता अनेकांचा पहिला प्रश्न असतो : "शेतकऱ्याला कसली आलीय शुगर? तो तर काडीसारखा बारीक आहे, दिवसभर राबतो."

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर आहेत. महाराष्ट्राचे आकडे याच अभ्यासाच्या पहिल्या टप्प्यात, २०११ मध्ये आले होते. तेव्हाच राज्यातल्या ग्रामीण भागात प्रौढांमधलं मधुमेहाचं प्रमाण ६.५ टक्के आणि शहरात १०.९ टक्के होतं. म्हणजे हा फक्त पुण्या-मुंबईच्या एसीत बसणाऱ्यांचा आजार तेव्हाही नव्हता.

आणि बारीक असण्याचं म्हणाल, तर त्याचं उत्तर एका मराठी डॉक्टरांच्याच फोटोत आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंची-वजनाच्या हिशोबाने दोघंही सारखेच, बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! भारतीय माणूस बाहेरून सडपातळ दिसला तरी आतून, विशेषतः पोटाभोवती, चरबी बाळगून असू शकतो. याज्ञिक यांच्या टीमने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं तपासली, तर वजनाने कमी असलेल्या त्या बाळांमध्येही चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. म्हणून काडीसारख्या माणसानेही पोट टेपने मोजून बघावं. पुरुषाचं ९० सेंटिमीटरच्या आणि बाईचं ८० सेंटिमीटरच्या वर असेल, तर शुगर तपासायला ते कारण पुरेसं आहे.

पुन्हा आबांच्या पायाकडे येऊ. संवेदना शाबूत आहे की नाही हे कळायला मशीन लागतेच असं नाही. इंग्लंडमधल्या इप्सविच शहरातल्या डॉक्टरांनी एक साधी चाचणी शोधली, ती घरात कुणीही करू शकतं. आबांना डोळे मिटून झोपायला सांगायचं. मग आपल्या तर्जनीने त्यांच्या पायाचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना एकेक करून हलका स्पर्श करायचा, एक-दोन सेकंदच. दाबायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत, आणि कळलं नाही म्हणून पुन्हा हात लावायचा नाही. दोन पायांची मिळून सहा बोटं झाली. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी आबा काहीच बोलले नाहीत, तर पायाची संवेदना कमी झालीय असं समजून डॉक्टरांकडे जायचं.

हे कळल्यावर रोजचं काम एकच : रात्री झोपण्याआधी दिव्याखाली दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघणे. वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवून, किंवा घरातल्या कुणाकडून बघून घेणे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकताना आपल्याकडे त्याचे खूरसुद्धा निरखून बघतात. मालकाच्या पायाला तो मान वर्षातून एकदाही मिळत नाही! शेतात अनवाणी जायचं नाही, बंद बूट घालायचे, घालण्याआधी झटकून आत हात फिरवायचा. घरातही चप्पल हवी. मऊ तळव्याच्या एमसीआर चपला यासाठीच असतात. पाय दुखतात म्हणून गरम पाण्यात बुडवणं किंवा विटेने शेकणं बंद, कारण चटका बसलेला कळणार नाही. आणि भोवरी ब्लेडने घरी कापायची नाही.

आता ताटाकडे येऊ, कारण शुगरचा खरा रोजचा हिशोब तिथेच होतो.

वऱ्हाडात एकेकाळी ज्वारीची भाकर हे रोजचं अन्न होतं. मग सोयाबीन आलं आणि वाशीमच्या खरिपाचं चित्रच पालटलं. ज्वारी शेतातून हटली, तशी ती ताटातूनही मागे सरकली आणि तिची जागा रेशनच्या गहू-तांदळाने घेतली. आता डॉक्टर सांगतात भाकर खा, तर ज्वारी विकत आणावी लागते. अर्थात भाकर म्हणजे औषध नाही. तिच्यातही पिष्टच असतं, तीन भाकरी चुरून खाल्ल्या तर साखर वाढणारच. फरक पडतो तो ताटातल्या वाट्यांनी. भाकर एक-दीड, आणि सोबत घट्ट वरण, पिठलं, अंबाडीची किंवा मेथीची भाजी, काकडी. तूर आणि हरभरा तर जिल्ह्यातच पिकतो. गंमत अशी, की वरणाची वाटी सगळ्यात पातळ असते ती डाळ पिकवणाऱ्याच्याच घरात. रोडगे आणि वांग्याच्या भाजीच्या पंगतीत बसलात, तर रोडगा अर्धा आणि भाजी दुप्पट एवढं गणित पुरतं. आग्रह करणाऱ्याला नाही म्हणायची हिंमत मात्र स्वतःची स्वतःच आणायची.

सगळ्यात चोरटी साखर चहात असते. शेतावर, पारावर, बाजार समितीत, सोयऱ्याकडे असे दिवसात पाच कप सहज होतात. कपाला दोन चमचे धरले, तर १० चमचे, म्हणजे जवळपास ५० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. आणि हो, गुळाचा चहा घेतला म्हणजे सुटलो असंही नाही. रक्तात गेल्यावर गूळही साखरच.

उपासाचं प्रकरण याहून नाजूक आहे. श्रावण, नवरात्र, एकादशी आली की घरात साबुदाण्याची खिचडी शिजते. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. भगर 'हलकी' म्हणून लोक पोटभर खातात, पण तीही साखर वाढवतेच. त्यापेक्षा मूठभर शेंगदाणे, दही, ताक, काकडी बरी. आणि खरा धोका वाढणाऱ्या साखरेपेक्षा उतरणाऱ्या साखरेचा आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन निरंकार उपास धरला, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. उपास करायचाच असेल, तर डोस कसा बदलायचा हे आधी डॉक्टरांना विचारावं. दिवसातून दोनदाच जेवायचा पॅटर्न व्हॉट्सॲपवर वाचून उद्यापासून सुरू करणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

हीच गोष्ट सोंगणीच्या दिवसांत घडते. सकाळी गोळी घेतली, काम उरकण्याच्या नादात शिदोरी सुटलीच नाही, ऊन वाढलं. दरदरून घाम, हात थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात विसंगती. बघणाऱ्याला वाटतं, यानं सकाळीच घेतलेली दिसते! अशा वेळी मीटरवर साखर ७० च्या खाली दिसली, किंवा मीटर नसेल तर लक्षणांवरून, लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची. १५ मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच, आणि नंतर जेवण. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही ओतायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. खिशात साखरेची पुडी आणि सोबतच्या एकाला तरी "मला शुगर आहे" हे माहीत असणं, एवढ्यावर निभावतं.

इन्सुलिन घेणाऱ्यांची वेगळी अडचण म्हणजे मे महिना. पारा चाळीशी ओलांडतो आणि लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही. वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे बाहेर चालते, पण ती सावलीतल्या, ३० अंशांच्या आतल्या हवेत. फ्रिज नसेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात घट्ट झाकणाच्या डबीत बाटली. पाणी शिंपडत राहिलं की आतली हवा बाहेरपेक्षा थंड राहते. बर्फात किंवा फ्रीझरमध्ये ठेवलं, तर ते गोठून निकामी होतं.

पायानंतर गुपचूप बिघडतात ती मूत्रपिंडं, म्हणजे किडन्या. इथे शेतकऱ्याची एक सवय महागात पडते : अंगदुखीची गोळी. डवरणी झाली, पोती उचलली, की मेडिकलमधून डायक्लोफिनॅकसारखी गोळी आणायची आणि रोज खायची. शुगर असलेल्या माणसाच्या किडनीला हा दुहेरी मार आहे, बीपी असेल तर तिहेरी. किडनी बिघडू लागल्याचं लघवीतल्या अल्ब्युमिनच्या तपासणीत लवकर दिसतं, पायावर सूज येईपर्यंत थांबलं तर बराच उशीर झालेला असतो. डोळ्यांचंही तसंच. पडदा खराब होत असतानाही नजर स्वच्छ असू शकते, म्हणून वर्षातून एकदा थेंब टाकून पडदा तपासून घ्यायचा.

औषधांबाबत सगळ्यात मोठी चूक म्हणजे "शुगर नॉर्मल आली, गोळी बंद केली." ती नॉर्मल आली गोळीमुळेच. कारलं-जांभळाचा रस प्यायचा तर प्या, पण गोळीच्या जागी नको. तपासणीच्या आधी दोन दिवस पथ्य पाळून रिपोर्ट चांगला आणणारेही पुष्कळ. त्यांच्यासाठी एचबीए१सी आहे, ती मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते. ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. उपचार सुरू असलेल्या बहुतेकांनी ७ च्या आत राहावं, म्हाताऱ्या माणसांना डॉक्टर थोडी सूट देतात. विदर्भात सिकलसेल आढळतो आणि रक्तक्षयही बराच आहे. अशांच्या बाबतीत हा आकडा फसवू शकतो, म्हणून डॉक्टरांना ते आधीच सांगावं.

आणि हे सगळं करायला नागपूर-अकोल्यालाच पळावं लागतं असं नाही. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत वाशीम आहे, आरोग्यसेवेची ओढाताणही आहे. तरी ३० वर्षांवरील प्रत्येकाची शुगर आणि बीपी तपासणं हे गावातल्या उपकेंद्राचं, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिराचं ठरलेलं काम आहे. आशाताई घरी फॉर्म भरायला येतात तो याचसाठी, त्यांना "घरी कुणी नाही" म्हणून परत पाठवू नये. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. वाशीमला ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेजही सुरू झालं.

आबांच्या तळव्यातल्या धसकटाचं काय करायचं? पाय स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवायचा, स्वच्छ कापड बांधायचं, हळद-तंबाखू काहीही भरायचं नाही. खोल गेलेलं धसकट घरी सुईने कोरायचं नाही. त्या पायावर भार न देता दुसऱ्या दिवशी सकाळीच दवाखाना गाठायचा, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि शुगरची तपासणी तिथेच होते. सोंगणी दोन दिवस दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची.