चौकातील दिव्यांची नवी आज्ञावली

सौंसरहून नागपूर पासष्ट-सत्तर किलोमीटर आहे. संत्र्यांचा माल, कापसाचे व्यवहार, मोठा दवाखाना, न्यायालयाचे काम किंवा मुलांचे शिक्षण यांपैकी कशासाठी तरी या परिसरातील माणसाला तेथे जावेच लागते. सावनेर मागे पडून शहराची हद्द लागली की त्याची पहिली गाठ पडते ती तांबड्या दिव्याशी. तो थांबतो, हिरवा दिवा लागला की पुढे जातो. हा दिवा कोणी लावला, आताच का लावला आणि इतकाच वेळ का ठेवला, याचा विचार करण्याचे त्याला सहसा कारण पडत नाही. परंतु ज्या गोष्टीचा विचार कोणी करीत नाही, तिचा निर्णय दुसरेच कोणी तरी करून ठेवलेला असतो. चौकातील दिव्यांच्या बाबतीत तो निर्णय आज एका संगणकीय आज्ञावलीत, म्हणजे सर्वत्र ज्याला सॉफ्टवेअर म्हणतात त्यात, लिहिलेला असतो. ही आज्ञावली वेळोवेळी बदलून तिची नवी आवृत्ती बसविली जाते. दिवे तेच राहतात, खांबही तेच राहतात. परंतु चौकाची वागणूक बदलते. हा बदल नेमका कोणता असतो आणि त्याचा सामान्य नागरिकाशी काय संबंध आहे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

रस्त्यावरील सिग्नल हे रेल्वेचे अपत्य होय. १८६८ साली डिसेंबर महिन्यात लंडनमध्ये पार्लमेंटच्या इमारतीजवळ रस्त्यावरचा पहिला सिग्नल उभा राहिला, तो जॉन पीक नाइट या रेल्वेच्या अभियंत्याच्या कल्पनेतून. दिवसा रेल्वेसारखे हात वरखाली होत आणि रात्री वायूवर जळणारे तांबडे व हिरवे दिवे दिसत. पुढच्याच महिन्यात वायूचा स्फोट होऊन तो चालविणारा शिपाई जखमी झाला आणि हा प्रयोग बंद पडला. विजेवर चालणारा सिग्नल १९१४ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात आला, आणि तांबडा, पिवळा व हिरवा असे तीन रंग चारही दिशांना दाखविणारा दिवा १९२० साली डेट्रॉइटमध्ये विल्यम पॉट्स या पोलीस अधिकाऱ्याने सिद्ध केला. त्या दिव्याचे बाह्य रूप आजही फारसे पालटलेले नाही. पालटले आहे ते त्याच्यामागचे गणित.

हे गणित मुळात अवघड नाही. चारही दिशांना एकेकदा हिरवा दिवा मिळून पुन्हा पहिल्या दिशेची पाळी येण्यास जो वेळ लागतो, त्याला एक आवर्तन म्हणू. प्रत्येक आवर्तनात काही सेकंद फुकट जातात. दिवा बदलताना एक रांग थांबते आणि दुसरी हलू लागते, त्या वेळात चौक रिकामाच असतो. आवर्तन फार लहान ठेवले तर असे रिकामे सेकंद वारंवार येतात, आणि फार मोठे ठेवले तर थांबलेल्या माणसाचा अंत पाहिला जातो. या दोहोंचा मेळ घालणारे सूत्र १९५८ साली इंग्लंडमधील एफ. व्ही. वेबस्टर यांनी मांडले आणि जगभरच्या अभियंत्यांनी ते वापरले. त्या सूत्राचा एक निष्कर्ष प्रत्येकाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. एका चौकात दर आवर्तनाला दहा सेकंद फुकट जातात असे समजू. चौकावरील भार त्याच्या कुवतीच्या सहा दशांश असेल, तर योग्य आवर्तन पन्नास सेकंदांचे येते. भार आठ दशांश झाला की ते शंभर सेकंदांवर जाते, आणि नऊ दशांश झाला की दोनशेवर. भार कुवतीइतका झाला की सूत्रच हात टेकते. तात्पर्य, आज्ञावली कितीही चतुर असली तरी ती रस्ता रुंद करू शकत नाही. जो वेळ उपलब्ध आहे त्याची वाटणी तेवढी ती करू शकते. नव्या आवृत्तीच्या जाहिरातीत कोंडी नाहीशी करण्याचे आश्वासन असेल, तर ते याच कसोटीवर घासून पाहावे.

पूर्वी ही वाटणी एकदा ठरवून दिली जाई: सकाळचे एक वेळापत्रक, दुपारचे दुसरे, रात्रीचे तिसरे. त्याचा दोष असा की रस्ता वेळापत्रक वाचीत नाही. जामसावळीच्या हनुमंताच्या दर्शनाची शनिवारची गर्दी, संत्र्यांच्या हंगामातील मालमोटारी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला लोटणारा जनसमुदाय, या गोष्टी सरासरीत मावत नाहीत. म्हणून रस्त्यावर प्रत्यक्ष काय चालले आहे ते पाहून वेळ ठरविणारी यंत्रणा निर्माण करण्याचे प्रयत्न झाले. १९६३ साली कॅनडातील टोरोंटो शहराने सिग्नल संगणकाच्या हाती दिले. पुढे ऑस्ट्रेलियात सिडनी येथे एक पद्धती विकसित झाली, आणि १९८० साली इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरात दुसरी प्रत्यक्ष वापरात आली. रस्त्यात पुरलेल्या तारांच्या वेटोळ्यावरून गाडी गेली की तिची नोंद होते आणि त्या नोंदींवरून हिरवा दिवा दोन-चार सेकंद वाढतो अथवा घटतो, असे या पद्धतींचे स्वरूप होते.

आपल्याकडे ही पद्धती जशीच्या तशी चालेना. तेथील गाड्या आखलेल्या पट्ट्यांतून एकामागे एक जातात. आपल्या रस्त्यावर बस, ट्रक, रिक्षा, दुचाकी आणि प्रसंगी बैलगाडीही जागा मिळेल तेथून वाट काढतात. एका वेटोळ्यावर एकाच वेळी तीन दुचाक्या असू शकतात. म्हणून प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे १९८८ साली स्थापन होऊन पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने, आपल्या तिरुवनंतपुरम येथील शाखेत कोसिकॉस्ट नावाची पद्धती अशा मिश्र वाहतुकीसाठी तयार केली. ती पुण्याच्या चौकांतही वापरली गेली. अलीकडे कॅमेऱ्याच्या चित्रावरून वाहने मोजणाऱ्या यंत्रणा आल्या आहेत. २०२३ साली गूगल कंपनीने आपल्या नकाशांतील नोंदींवरून सिग्नलच्या वेळांत सुधारणा सुचविण्याचा उपक्रम जाहीर केला, त्यात कोलकाता, बंगळूर व हैदराबाद या भारतीय शहरांचा समावेश होता.

आता नव्या आवृत्त्यांत कोणत्या सोयी येतात ते पाहू. पहिली सोय पादचाऱ्यासाठी आहे. रस्ता ओलांडण्यास लागणारा वेळ ठरविताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असे धरण्याचा प्रघात आहे. त्या हिशेबाने चौदा मीटर रुंदीचा रस्ता बारा सेकंदांत ओलांडता येतो. परंतु दवाखान्यात निघालेली वृद्ध स्त्री सेकंदाला जेमतेम ०.८ मीटर चालते. तिला साडेसतरा सेकंद लागतात. उरलेले साडेपाच सेकंद ती समोरून सुटलेल्या गाड्यांच्या तोंडी असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय नियमावलीने २००९ साली हा हिशेबाचा वेग घटवून सेकंदाला सुमारे १.०७ मीटर केला. नव्या आज्ञावलींत याहून पुढची तरतूद करता येते. गाड्यांना हिरवा दिवा देण्यापूर्वी काही सेकंद पादचाऱ्यास वाट मोकळी करून दिली जाते, म्हणजे वळणाऱ्या गाडीच्या चालकाला तो रस्त्यात स्पष्ट दिसतो; आणि कोणी अद्याप मध्येच असल्याचे कॅमेऱ्याला दिसले तर वेळ वाढविता येतो.

दुसरी सोय रुग्णवाहिकेची. तिच्यावरील उपकरण आपले स्थान उपग्रहांच्या साहाय्याने कळविते आणि ती येण्याच्या सुमारास पुढच्या चौकात हिरवा दिवा लागतो. प्रत्यारोपणासाठी अवयव नेताना पोलीस जागोजागी उभे राहून जो मोकळा मार्ग करून देतात, त्याचेच हे यांत्रिक रूप. मात्र ती निघून गेल्यावर आडव्या रस्त्यावर साचलेल्या रांगेची भरपाई कशी करावी, हेही आज्ञावलीला शिकवावे लागते. जुन्या पद्धतींत ही दुसरी बाजू बहुधा लंगडी असे.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, पण ती सर्वांत महत्त्वाची आहे. आज्ञावली मोजते काय? वाहतूकशास्त्रात निरनिराळी वाहने एका मापात आणण्यासाठी मोटारगाडीचे माप एक धरतात, सायकलीचे अर्धे आणि बसचे सुमारे तीन. आडव्या रस्त्यावर प्रत्येकी चाळीस उतारूंच्या दोन बस उभ्या आहेत आणि मोठ्या रस्त्यावर वीस मोटारी आहेत, असे समजू. यंत्राच्या हिशेबी एकीकडे सहा आणि दुसरीकडे वीस; हिरवा दिवा मोटारींकडे झुकतो. माणसे मोजली तर बसमध्ये ऐंशी आहेत, आणि मोटारींत प्रत्येकी दीड धरल्यास तीसच. पायी चालणाऱ्याला तर या कोष्टकात मापच नाही. नव्या आवृत्त्यांत वाहनांऐवजी माणसांना महत्त्व देण्याची आणि उशीर झालेल्या बसला अग्रक्रम देण्याची सोय असू शकते. परंतु सोय असणे निराळे आणि ती चालू करणे निराळे. ती चालू करावी की नाही, हा प्रश्न यंत्राचा नव्हे. तो न्यायाचा आहे. त्याचे उत्तर कंत्राटदाराने नव्हे, तर नागरिकांच्या प्रतिनिधींनी द्यावयाचे असते.

चौथी सोय बिघाडाच्या वेळची. मध्यवर्ती केंद्राशी संपर्क तुटला तर चौकातील पेटीने आपल्याजवळ साठविलेल्या वेळापत्रकावर चालावे. तीही नादुरुस्त झाली तर दिवे लुकलुकते ठेवून सर्वांना सावध करावे. आणि कोणता दिवा केव्हा बंद पडला याची नोंद केंद्राकडे आपोआप जावी, अशी ही पायऱ्यापायऱ्यांची रचना असते.

येथेच धोक्याचाही विचार केला पाहिजे. उपग्रहाधारित घड्याळात आठवड्यांची मोजणी १,०२४ नंतर पुन्हा शून्यावर येते. ती घटका ६ एप्रिल २०१९ च्या रात्री येणार, हे आधीपासून ठाऊक होते. तरीही न्यूयॉर्क शहराची बिनतारी यंत्रणा त्या वेळी कोलमडली आणि तिच्यावर अवलंबून असलेले सिग्नलांचे दुरून होणारे नियंत्रण काही दिवस खंडित झाले. वेळेवर न केलेली सुधारणा अशी महाग पडते. त्याआधी २०१४ साली मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी, संबंधित रस्ते-विभागाची परवानगी घेऊन, जवळजवळ शंभर सिग्नलांच्या जाळ्यात शिरकाव करून दाखविला. संदेश उघडे जात होते आणि कारखान्यातून आलेले संकेतशब्द कोणी बदललेलेच नव्हते. मात्र एक गोष्ट त्यांना साधली नाही: आडव्या व उभ्या रस्त्यांना एकाच वेळी हिरवा दिवा देणे. कारण प्रत्येक पेटीत आज्ञावलीपासून स्वतंत्र असा एक राखणदार असतो. परस्परविरोधी दिवे लागण्याची वेळ आली की तो आज्ञावलीला बाजूस सारून चौक लुकलुकत्या तांबड्या दिव्यावर नेतो.

सौंसरच्या रहिवाशांना हे तत्त्व नवे वाटू नये. नागपूर-छिंदवाडा हा छोट्या रुळांचा मार्ग रुंदीकरणासाठी २०१५ साली बंद झाला आणि आता तेथे मोठ्या रुळांवर गाड्या धावतात. रेल्वेच्या फाटकांवर जेथे सिग्नल व फाटक यांचा परस्परबंध असतो, तेथे फाटक लागून कुलूपबंद झाल्यावाचून गाडीला वाट मिळतच नाही. फाटकवाला कितीही घाईत असो, कुलूप ऐकत नाही. चौकातील तो राखणदार म्हणजे हेच कुलूप होय, आणि आज्ञावलीची नवी आवृत्ती कितीही हुशार असली तरी त्या कुलपाला हात लावण्याचा अधिकार तिला असता कामा नये.

२०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर तहसील त्यात आली. जिल्हा झाला की कचेऱ्या वाढतात, त्यांच्याबरोबर वाहने वाढतात आणि चौकांची व्यवस्था लावण्याचा प्रश्न येतो. अशी यंत्रणा विकत घेताना किंवा असलेली बदलताना चार गोष्टी विचारून घ्याव्यात. ती वाहने मोजते की माणसे? म्हाताऱ्या माणसाच्या चालीला तिने किती सेकंद राखून ठेवले आहेत? नवी आवृत्ती आधी एकाच चौकात रात्रीच्या वेळी तपासून पाहिली काय, आणि ती फसल्यास जुनी परत आणता येते काय? कंत्राटाची मुदत संपल्यावर तिची देखभाल कोण करणार? हे प्रश्न विचारण्यास अभियंता असावे लागत नाही. ज्याला रोज तो रस्ता ओलांडावयाचा आहे, त्याचा तो अधिकारच आहे. आणि चौदा मीटरचा रस्ता ओलांडताना कमी पडणारे साडेपाच सेकंद मिळवून देण्यास त्याहून सोपा मार्ग नाही.