अडकित्त्याची खीळ आणि मोटारीचा व्हॉल्व्ह

पानाच्या तबकांतील जुन्या अडकित्त्याची खीळ सैल झाली म्हणजे काय होतें, हें सांगावयास एंजिनियर लागत नाहीं. पातें धारदार असतें, दांडे मजबूत असतात, परंतु पातें नेमक्या जागीं मिटत नाहीं. सुपारी कातरली न जातां चिरडते आणि एखादे वेळीं बोटास चिमटा बसतो. दोष पात्याचा नसून तें ज्या आधारावर फिरतें त्याचा असतो. आज आम्ही ज्या विषयाची ओळख वाचकांस करून देणार आहों, तो या सैल खिळीचाच विषय आहे. फरक इतकाच कीं, येथील खीळ मोटारीच्या एंजिनांत डोळ्यांस न दिसणाऱ्या जागीं बसलेली आहे, आणि तिचा सैलपणा केंसाच्या जाडीनें मोजावा लागतो.

आमचें लक्ष या गोष्टीकडे एका घरगुती प्रसंगानें वेधलें. अमेरिकेंत नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या भाच्यानें शेव्हरोलेटची कॉर्व्हेट झेड-०६ ही वेगवान गाडी जुन्या बाजारांत विकत घेतली. घेतल्यावर त्यास कळलें कीं, या एंजिनाचे व्हॉल्व्ह-गाइड अकालीं झिजतात अशी मालकवर्गांत मोठी ओरड आहे. एका मिस्त्रीनें तपासून "गाइड संपले, एंजिन उघडा" असें सांगितलें. दुसऱ्यानें तीच गाडी पाहून "अजून पुष्कळ वर्षें चिंता नको" असा निर्वाळा दिला. खर्च तर थोडाथोडका नव्हता. इकडे त्याची आई, म्हणजे आमची थोरली बहीण, आम्हांस रोज विचारी, "अरे, त्या पोराची गाडी रस्त्यांत फुटणार तर नाहीं ना?" दोन जाणते कारागीर एकाच वस्तूविषयीं इतकें विरुद्ध कसें बोलतात, या कोड्यानें आम्हांसहि स्वस्थ बसूं दिलें नाहीं.

एंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरास हवा आंत घेण्याचें एक द्वार व जळलेला वायु बाहेर टाकण्याचें दुसरें द्वार असतें. पहिल्यावर इनलेट व दुसऱ्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसतो. व्हॉल्व्हचा आकार अळंब्यासारखा. त्याचें डोकें द्वार मिटतें व लांब देंठ धातूच्या एका आंखूड नळींतून वर-खालीं सरकतो. ही नळी म्हणजेच गाइड. एंजिन मिनिटास ७००० फेरे घेत असतां प्रत्येक व्हॉल्व्ह ३५०० वेळां, म्हणजे सेकंदास सुमारें ५८ वेळां, उघडतो आणि मिटतो. त्यास ढकलणारा रॉकर तराजूच्या दांडीप्रमाणें हालतो. त्याचें टोंक सरळ रेषेंत न जातां किंचित् वर्तुळाकार जातें, आणि दर वेळीं देंठास थोडें बाजूलाहि रेटतें. हा आडवा रेटा गाइडनें सोसावयाचा. शिवाय तापून लाल झालेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता त्याच्या बैठकीवाटें निघून जात असली, तरी उरलेली देंठांतून गाइडमध्यें उतरते. गाइड सैल झाला म्हणजे व्हॉल्व्ह तिरपा मिटतो, डोकें प्रत्येक आघातास किंचित् वांकतें, उष्णताहि नीट निघत नाहीं. आणि अशा लक्षावधि आघातांनंतर एके दिवशीं डोकें तुटून दट्ट्यावर पडतें. भर वेगांत हें घडल्यास दट्ट्या, सिलिंडर, सर्वांचाच चुराडा होतो.

झेड-०६ मध्यें नेमकी हीच भीति होती. २००६ ते २०१३ पर्यंतच्या या गाडीचें एल्.एस्.७ नांवाचें एंजिन आठ सिलिंडरांचें, सात लिटरचें व ५०५ अश्वशक्तीचें. त्याचे इनलेट व्हॉल्व्ह हलक्या टिटॅनियमचे, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पोकळ देंठाचे व आंत सोडियम भरलेले. तुटण्याच्या तक्रारी होत्या त्या मुख्यतः या एक्झॉस्ट व्हॉल्व्हांच्या. पुढें कंपनीनेंच असा खुलासा केला कीं, २००८ ते २०११ च्या काळांतील कांहीं सिलिंडर-हेडांमध्यें गाइड व बैठक यांचे मध्य एकमेकांशीं जुळवून कातलेले नव्हते. एवढ्यानें पुष्कळ मालकांचें समाधान झालें नाहीं. कित्येकांनीं मूळचे गाइड काढून काशाचे घातले. गंमत अशी कीं, १९९४ ते १९९९ च्या दरम्यान निघालेल्या फेरारी एफ-३५५ च्या आरंभींच्या गाड्यांत काशाचेच गाइड लौकर झिजतात अशी तक्रार होती! एका घरीं जें औषध तेंच दुसऱ्या घरीं रोगाचें कारण. तेव्हां धातूच्या नांवावर फार विसंबूं नये, असें आमचें मत आहे. देंठ, गाइड आणि बैठक यांचें एकमेकांशीं बसलेलें माप हीच खरी गोष्ट.

आतां तपासणीकडे वळूं. आमच्या बहिणीचा पहिला प्रश्न, "धूर येत नाहीं ना? मग गाडी बरी आहे," असा होता, आणि सामान्यतः तो अगदींच चुकीचा नाहीं. उतारावर पाय उचलून गाडी सोडली म्हणजे इनलेटच्या मार्गांत निर्वात निर्माण होतो, व सैल गाइडमधून तेल आंत ओढलें जाऊन मागें निळसर धूर निघतो. परंतु एक्झॉस्टच्या बाजूस असें शोषण नसतें. म्हणून ज्या एंजिनांत एक्झॉस्टचे गाइड झिजतात, तेथें धुरानें इशारा द्यावा ही अपेक्षाच व्यर्थ. सिलिंडरांतील दाब मोजूनहि निभावत नाहीं; कारण गाइड सैल असला तरी स्प्रिंगच्या जोरानें व्हॉल्व्ह बैठकींत कसाबसा मिटतो व दाब ठीक दिसतो.

मग मिस्त्री व्हॉल्व्ह हालवून पाहतात. स्प्रिंग काढून, देंठाशीं डायल गेजचा कांटा टेंकवून, व्हॉल्व्ह इकडून तिकडे डोलवावयाचा आणि कांटा किती फिरला तें वाचावयाचें. पद्धत सोपी, पण फसवी. कारण कांटा जें दाखवितो तो सैलपणा नव्हे. तो सैलपणामुळें झालेल्या तिरपेपणाचा विस्तार होय. गाइड सर्वत्र सारखा झिजलेला धरला, तरी त्याच्या तोंडापासून त्याच्या लांबीच्या निम्म्या अंतरावर कांटा टेंकविल्यास हालचाल खऱ्या सैलपणाच्या दुप्पट दिसते. लांबीइतक्याच अंतरावर टेंकविल्यास तिप्पट. म्हणजे ०.१५ मिलिमीटर हा आंकडा एके ठिकाणीं ०.०७५ चा द्योतक, तर दुसऱ्या ठिकाणीं केवळ ०.०५ चा! दोन मिस्त्र्यांच्या भांडणाचें मूळ आम्हांस येथेंच सांपडलें. दोघांनींहि आंकडा वाचला होता. कांटा कोठें लावला हें एकानेंहि लिहून ठेवलें नव्हतें. त्यांत देंठावर काजळी सांचली असेल तर ती फट भरून काढते व झिजलेला गाइडहि घट्ट भासतो, हें निराळेंच.

खरें माप घ्यावयाचें तर हेड उतरवावें लागतें. व्हॉल्व्ह काढून देंठ व गाइड काजळी आणि तेल जाईपर्यंत स्वच्छ करावे. मापावयाच्या वस्तू आणि मापनें एकाच खोलींत रात्रभर ठेवावीं, म्हणजे उष्णतेनें लांडेंलबाडी होत नाहीं. नंतर गाइडचा आंतील व्यास वर, मध्यें व खालीं अशा तीन ठिकाणीं, आणि प्रत्येक ठिकाणीं दोन दिशांनीं घ्यावा: एक रॉकरच्या रेट्याची, दुसरी तिला काटकोनांत. गाइड बहुधा घंटेसारखा, दोन्ही तोंडांशीं अधिक झिजतो; नुसतें मध्यभागीं मोजणारा हटकून फसतो. देंठ मायक्रोमीटरनें मोजून वजाबाकी केली कीं सैलपणा हातीं आला. एल्.एस्.७ च्या बाबतींत नव्या अवस्थेंत हा ०.०२५ ते ०.०६६ मिलिमीटर असावा, आणि ०.०९३ च्या वर गेल्यास गाइड बदलावा, अशी मर्यादा आहे. माणसाचा केंस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड धरला, तर सारा कलह एका केंसाच्या आंतबाहेरचा आहे!

केवळ ऐकीव भयानें निरोगी एंजिन उघडणें आम्हांस पसंत नाहीं. परंतु ज्या एंजिनाविषयीं असा पुरावा आहे व जें मनमुराद वेगानें चालवावयाचें आहे, त्याचें हेड एकदां उतरविण्याचा खर्च आम्ही उधळपट्टी समजत नाहीं. भाच्यानें तसेंच केलें. आठ एक्झॉस्ट गाइडांपैकीं तीन मर्यादेबाहेर निघाले, दोन अगदीं सीमेवर; इनलेटचे सर्व ठीक. त्यानें एक्झॉस्टचे आठहि बदलून घेतले, आणि नव्या गाइडांच्या मध्यावरून बैठकी पुन्हां कातून घेतल्या. हें दुसरें काम टाळलें असतें तर पहिलें फुकट गेलें असतें. बहिणीस आम्ही हें सर्व अडकित्त्याच्या दृष्टांतानें समजावून दिलें. ती म्हणाली, "म्हणजे पातें पाजळून उपयोग नाहीं, खीळच ठोकायला हवी होती." मापांचा कागद भाच्यानें गाडीच्या कागदपत्रांत ठेवला आहे, आणि कोणतें माप कोठें घेतलें तेंहि या खेपेस त्यावर लिहून घेतलें आहे.