सोळाव्या वर्षी खेळाडू ओळखता येतो का?

आधी एक लहानसे गणित करू. ६ ऑगस्ट २०२२ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत ३,००० मीटर स्टीपलचेसची अंतिम शर्यत झाली. केनियाचा अब्राहम किबिवोट ८ मिनिटे ११.१५ सेकंदांत पहिला आला आणि भारताचा अविनाश साबळे ८ मिनिटे ११.२० सेकंदांत दुसरा. दोघांत अंतर किती पडले? साबळेचा सरासरी वेग काढा. ३,००० मीटर भागिले ४९१.२ सेकंद, म्हणजे सेकंदाला सुमारे ६.१ मीटर. या वेगाने ०.०५ सेकंदात किती अंतर तोडले जाते? सुमारे ३० सेंटिमीटर! तीन किलोमीटर धावून, २८ अडथळे आणि ७ पाण्याचे खड्डे ओलांडून शेवटी फरक उरला तो तुमच्या दप्तरातल्या फूटपट्टीएवढा.

१९९८ ते २०१८ या काळातील सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाच्याच धावपटूंनी नेली होती. ती साखळी तोडणारा हा धावपटू बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा. घर शेतकऱ्याचे. शाळा सुमारे सहा किलोमीटर दूर. वाहनाची सोय नव्हती, म्हणून कधी चालत, कधी पळत शाळा गाठायची. बारावीनंतर तो सैन्याच्या महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला. सियाचिन, राजस्थान, सिक्कीम अशा ठिकाणी त्याने नोकरी केली. सैन्यातील क्रॉस-कंट्री शर्यतीत तो उतरला २०१५ साली आणि स्टीपलचेसकडे वळला २०१७ साली. त्याचा जन्म १९९४ चा. म्हणजे ज्या खेळाने त्याला नाव दिले, त्याची सुरुवातच वयाच्या बावीस-तेविसाव्या वर्षी झाली.

आता कल्पना करा, तो सोळा वर्षांचा असताना एखादा तज्ज्ञ मांडव्याला आला असता, तर त्याला हा खेळाडू ओळखू आला असता का?

मुलांवर पैसा लावणारे क्लब

हा प्रश्न नुसत्या करमणुकीचा नाही. जगात अनेक संस्था दरवर्षी याच प्रश्नावर मोठ्या रकमा खर्च करतात. अमेरिकेतील बेसबॉलचे क्लब हे त्याचे ठळक उदाहरण. कॅरिबियन समुद्रातील डॉमिनिकन रिपब्लिक हा सुमारे एक कोटी दहा लाख वस्तीचा छोटा देश आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च साखळीतील तीसही क्लबांनी तेथे आपापल्या प्रशिक्षण-शाळा उघडल्या आहेत. तेथील मुलाशी सोळाव्या वर्षापासून करार करता येतो. करार होताच मुलाच्या घरी एक रक्कम येते. कोणाला ती काही हजार डॉलर मिळते, तर कोणाला दहा लाख डॉलरहूनही अधिक. त्यानंतर राहणे, जेवण, प्रशिक्षण आणि इंग्रजीचे वर्ग हा सर्व खर्च क्लबचा.

बीडच्या वाचकाला हे ऐकून ऊसतोडीची 'उचल' आठवेल. दोन्हींत कामाआधी पैसा हातात येतो. पण फरक मोठा आहे. उचल अंगमेहनतीने फेडावी लागते. क्लबने दिलेली रक्कम मुलाने परत करायची नसते. मात्र त्याच्या खेळावर पुढील काही वर्षे क्लबचा हक्क राहतो. करार झालेल्या मुलांपैकी बहुतेक जण सर्वोच्च साखळीपर्यंत कधीच पोहोचत नाहीत. क्लबला हे ठाऊक असते. शंभर मुलांतले दोन-चार मोठे खेळाडू निघाले तरी त्याचा खर्च भरून येतो. पण उरलेल्या मुलांचे काय? त्यांतील कित्येकांनी या आशेवर शाळा सोडलेली असते. म्हणून निवड अचूक कशी करावी, हा प्रश्न क्लबच्या तिजोरीपेक्षा त्या मुलांसाठी अधिक महत्त्वाचा आहे. विज्ञान याबाबत काय सांगते ते पाहू.

इंजिन मोजता येते, पण...

लांब पल्ल्याच्या धावपटूचे स्नायू सतत प्राणवायू मागत असतात. शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, हे प्रयोगशाळेत मोजता येते. खेळाडूला तोंडावर मुखवटा लावून फिरत्या पट्ट्यावर धावायला लावतात, वेग हळूहळू वाढवतात आणि श्वासातून आत गेलेल्या व बाहेर आलेल्या वायूंचे मोजमाप करतात. सराव नसलेल्या निरोगी तरुणात हा आकडा शरीराच्या दर किलो वजनामागे मिनिटाला साधारण ४० ते ४५ मिलिलिटर भरतो. जागतिक दर्जाच्या धावपटूत तो ७० ते ८५ पर्यंत जातो.

तर मग सोपे झाले! ज्याचा आकडा मोठा त्याला निवडा. पण थांबा. हा आकडा सरावाने वाढतो, आणि सर्वांचा सारखा वाढत नाही. अमेरिका आणि कॅनडातील शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात शेकडो लोकांना वीस आठवडे एकाच पद्धतीचा व्यायाम दिला. काहींची क्षमता जवळजवळ वाढलीच नाही, तर काहींची मिनिटाला एक लिटरने वाढली. व्यायाम तोच, फळ मात्र वेगळे! एकाच कुटुंबातील माणसांत ही वाढ बरीचशी सारखी आढळली, म्हणजे तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा आहे. आजची चाचणी मुलगा आज कोठे आहे हे सांगते. तो उद्या कोठे पोहोचेल हे सांगत नाही.

हाडांचे वय आणि वहीतले वय

तुमच्या वर्गात पाहा. आठवीत कोणाला मिसरूड फुटलेली असते, तर कोणी अजून पाचवीतला दिसतो. दोघांची जन्मतारीख एकाच वर्षातली. पण शरीराचे घड्याळ प्रत्येकाचे वेगळे असते. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचे पट्टे असतात. हाडाची लांबी तेथे वाढते. वाढ संपली की हे पट्टे हाडात रूपांतरित होतात. हाताच्या मनगटाचे क्ष-किरण चित्र घेऊन डॉक्टर या पट्ट्यांवरून 'हाडांचे वय' ठरवतात. एकाच वयाच्या दोन मुलांत ते दोन-तीन वर्षांनीही वेगळे असू शकते.

लवकर वाढलेला मुलगा तेराव्या वर्षी सर्वांना मागे टाकतो आणि निवड समितीच्या डोळ्यांत भरतो. उशिरा वाढणारा मागे राहतो. अठराव्या वर्षी दोघे बरोबरीला येतात. पण तोवर एकाला पाच वर्षे प्रशिक्षण मिळालेले असते आणि दुसऱ्याने मैदान सोडलेले असते.

हे वाढीचे पट्टे नाजूकही असतात. बेसबॉलमध्ये गोलंदाज चेंडू खांद्यावरून जोरात फेकतो, तेव्हा कोपराच्या आतील बाजूवर मोठा ताण येतो. कोवळ्या वयात हा ताण वारंवार आला तर तेथील पट्ट्याला इजा होते. म्हणून अमेरिकेतील मार्गदर्शक नियमांनुसार ११-१२ वर्षांच्या मुलाने एका दिवसात ८५ आणि १३ ते १६ वर्षांच्या मुलाने ९५ हून अधिक चेंडू फेकू नयेत. क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलांनीही हा धडा ध्यानात ठेवावा. त्यांच्या बाबतीत धोका पाठीच्या कण्याला असतो.

प्रत्येक खेळाचे वय निराळे

तुम्ही म्हणाल, साबळे बाविसाव्या वर्षी सुरुवात करून यशस्वी झाला, तर मग लवकर निवड हवीच कशाला? येथे एक मेख आहे. २००८ साली भारतात एक अनोखी स्पर्धा झाली. बेसबॉल न खेळलेल्या तरुणांतून जोरात व अचूक चेंडू फेकणारे शोधायचे होते. उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू त्यातून निवडले गेले. अमेरिकेत प्रशिक्षण घेतल्यावर त्याच वर्षाअखेर पिट्सबर्ग पायरेट्स या क्लबने दोघांशी करार केला. खांद्यात ताकद होती, भाल्यामुळे फेकीची सवय होती. दोघे कनिष्ठ साखळीत खेळले, पण सर्वोच्च साखळी दोघांनाही गाठता आली नाही.

असे का? बेसबॉलमध्ये चेंडू फेकण्याची जागा फलंदाजापासून १८.४४ मीटर दूर असते. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू हे अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो. तेवढ्यात फलंदाजाचा मेंदू चेंडूची दिशा व फिरकी ओळखून हातांना आज्ञा देतो. त्याला चकवायचे, तर गोलंदाजाच्या बोटांत तितकीच सूक्ष्म कला हवी. मेंदू आणि स्नायू यांची ही जोडी जमायला लहानपणापासूनची हजारो तासांची सवय लागते.

बीड जिल्ह्यातच याचे दुसरे उदाहरण आहे. पाटोदा तालुक्यातला मल्ल राहुल आवारे याने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक मिळवले. त्याची वाट साबळेच्या उलट आहे. तो लहानपणीच मातीत उतरला आणि पुढे पुण्याच्या तालमीत हरिश्चंद्र बिराजदार, त्यांच्यानंतर काका पवार अशा वस्तादांच्या हाताखाली तयार झाला. डाव हे भाषेसारखे असतात, जितके लवकर शिकावे तितके अंगवळणी पडतात. लांब धावण्यात मात्र हृदय, फुप्फुसे आणि पाय यांची क्षमता मोठी असते. ती विशीतही घडवता येते.

घडवण्याचा खर्च

निवड झाली की काम संपत नाही, तेव्हा ते सुरू होते. अमेरिकेतील क्लब जे काम पैशाच्या हिशेबाने करतात, ते आपल्याकडे सैन्याने मोठ्या प्रमाणावर उचलले आहे. पुण्यात २००१ पासून सैन्याची क्रीडासंस्था आहे. लहान मुलांसाठी सैन्याच्या 'बॉईज स्पोर्ट्स कंपन्या' आहेत. तेथे शाळा आणि खेळ बरोबरीने चालतात. साबळेला सैन्यातच अमरीश कुमार हे प्रशिक्षक मिळाले.

परिणाम आकड्यांत पाहा. गोपाल सैनी यांनी १९८१ साली टोकियोत केलेला ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम ३७ वर्षे टिकला होता. साबळेने २०१८ साली भुवनेश्वरला ८ मिनिटे २९.८० सेकंदांत तो मोडला. ७ जुलै २०२४ रोजी पॅरिसला त्याने ८ मिनिटे ९.९१ सेकंदांची नोंद केली. सहा वर्षांत जवळजवळ २० सेकंदांची सुधारणा! २०१८ चा साबळे आणि २०२४ चा साबळे एकत्र धावले असते, तर जुना साबळे सुमारे ११७ मीटर मागे राहिला असता. हे उत्तर कसे आले, ते तुम्ही ताडून पाहा.

या सुधारणेत उंचावरील सरावाचाही भाग होता. त्याने अमेरिकेत सुमारे १,८०० मीटर उंचीवरील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे सराव केला. उंचावरही हवेत प्राणवायूचे प्रमाण २१ टक्केच असते, पण हवेचा दाब कमी असल्याने श्वासागणिक प्राणवायू कमी मिळतो. मग मूत्रपिंडातून एक संप्रेरक स्रवते आणि त्याच्या आज्ञेने अस्थिमज्जा अधिक तांबड्या पेशी तयार करते. धावपटू खाली उतरला की या वाढीव पेशी त्याच्या उपयोगी पडतात. पण तांबडी पेशी सुमारे १२० दिवसच जगते. म्हणून 'सियाचिनला राहिल्यामुळेच तो धावपटू झाला' असे कोणी म्हटले तर मान डोलवू नका. तो फायदा काही महिन्यांत विरून गेला असणार.

जो चाचणीला आलाच नाही

सर्व चाचण्यांत एक दोष समान आहे. मैदानावर हजर असलेल्यालाच त्या मोजतात. बीड जिल्ह्यातून दर हंगामात लाखो माणसे ऊसतोडीला जातात. कित्येक मुले आईबापांबरोबर कारखान्याच्या तळावर राहतात. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालवली जातात, तरी सर्वांची सोय होत नाही. शाळेच्या मैदानावर ८०० मीटर धावण्याची चाचणी होते, त्या दिवशी एखादी मुलगी उसाच्या फडात मोळ्या वाहत असते. तिचे हृदय किती बळकट आहे, हे कोणत्याच नोंदवहीत येत नाही.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर काय? सोळाव्या वर्षी खेळाडू खात्रीने ओळखता येत नाही. म्हणून शहाणी संस्था एकदाच निवड करून दार बंद करीत नाही. ती अनेकांना संधी देते, दरवर्षी पुन्हा मोजते, हाडांचे वय ध्यानात घेते आणि मुलांची शाळा सुटू देत नाही.

करून पाहा

कॅनडाच्या आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखा तपासता असे आढळले, की जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेले खेळाडू फार जास्त आहेत. वयोगट १ जानेवारीला ठरत असल्यामुळे जानेवारीत जन्मलेले मूल डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठे असते, आणि बहुधा तेच निवडले जाते. तुमच्या शाळेतही असे होते का?

शिक्षकांच्या मदतीने शाळेच्या कबड्डी, खो-खो व धावण्याच्या संघांतील मुलामुलींचे जन्ममहिने लिहून घ्या. त्यांचे तीन-तीन महिन्यांचे चार गट करा. मग सबंध शाळेतील मुलांचेही तसेच गट करून दोन्हींची टक्केवारी काढा आणि स्तंभालेख शेजारी शेजारी मांडा. एक दक्षता घ्या. १ जून ही तारीख खूप जणांच्या नावापुढे दिसेल. ती शाळेत नाव घालताना अंदाजाने लिहिलेली असू शकते, म्हणून ती नावे वेगळी मोजा. संघातील पहिल्या गटाचा स्तंभ फार उंच निघाला, तर तो आलेख खेळाच्या शिक्षकांना जरूर दाखवा. पुढच्या निवडीच्या वेळी ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये जन्मलेल्या एखाद्या मुलाला आणखी एक फेरी धावायला मिळेल.